दर वर्षी नवी लाओशी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०१९ सालच्या फेब्रुवारीत मी पहिल्यांदा न्यूझीलंडला गेले. मुलगा पामर्स्टन नॉर्थ नावाच्या गावात राहतो. दुधाच्या भुकटीवर संशोधन हे त्याचं काम. नात तेव्हा आठ वर्षांची. तिला शाळेत पोचवायचं आणि आणायचं, एवढं एक काम मी हट्टानं मागून घेतलं होतं. एकतीस वर्षं सांगलीत प्राथमिक शाळेत शिकवल्यावर शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं सुख सुटत नाही.

एके दिवशी घरी येताना नात म्हणाली, "आजी, त्रेसष्ट म्हणजे किती गं?"

मी म्हटलं, "साठ आणि तीन."

"मग तसंच का नाही म्हणत? लाओशी म्हणतात लिउ-शी-सान. सहा-दहा-तीन. किती सोप्पं!"

हे चिनी आहे हे कळायलाच मला मिनिटभर लागलं. लाओशी म्हणजे चिनी भाषेत शिक्षक. आणि गंमत अशी, की याच शाळेत ती मुलं माओरी भाषेतलेही आकडे शिकत होती. माओरीतही त्रेसष्ट म्हणजे 'ओनो तेकाउ मा तोरू', सहा दहा आणि तीन. एका बाजूला माओरी, दुसऱ्या बाजूला चिनी, दोघींचं एकमत. आमचं मराठी त्रेसष्ट मात्र आधी तीन सांगणार आणि मग साठ. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातल्या 'वीस एक, वीस दोन' वरून केवढं वादळ उठलं होतं, आठवत असेल. बहिणीनं फोनवर तावातावानं ते सांगितलं तेव्हा मी गप्प राहिले. घरात एक आठ वर्षांची पुरावा देणारी बसली होती.

तर ही लाओशी कोण, हे पाहायला मी वर्गशिक्षिकेची परवानगी घेऊन एका बुधवारी मागे जाऊन बसले. पाहते तो काय, तेवीस वर्षांची, चणीनं एवढीशी, थंडीचा जाड कोट घातलेली मुलगी. फेब्रुवारी म्हणजे तिथला उन्हाळा. पण बाई नुकत्याच चीनच्या हिवाळ्यातून आलेल्या आणि पामर्स्टन नॉर्थचा वारा प्रसिद्ध. गावाच्या पूर्वेच्या डोंगरावर ओळीनं पवनचक्क्या आहेत त्या उगीच नाहीत. लाओशी या शब्दातल्या 'लाओ'चा मूळ अर्थ म्हातारा. म्हणजे या पोरीला मुलं 'म्हाताऱ्या गुरुजी' म्हणत होती! मुलं जमिनीवर गालिच्यावर बसलेली, निम्मी अनवाणी. त्या देशात मुलं शाळेत खुशाल अनवाणी येतात. आपल्या बाईंना ती 'फाएआ' म्हणतात. हा माओरी शब्द, अर्थ मावशी किंवा आई, वापर अगदी आपल्या 'बाई'सारखा. लाओशी हुनान प्रांतातून आलेली. तिच्या लहानपणीच्या वर्गात पन्नासच्या वर मुलं बाकांवर ओळीनं बसायची. इथे पंचवीस मुलं लोळत, हसत, मधेच उठून पाणी प्यायला जात होती. तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला माझ्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यावरून ओळखीचं होतं.

आता ही मुलगी तिथे आली कशी, ते थोडं सांगायला हवं. न्यूझीलंडनं २००८ साली चीनशी मुक्त व्यापाराचा करार केला. प्रगत देशांमध्ये असा करार करणारा तो पहिलाच. आपल्याला वाटतं, व्यापाराचा करार म्हणजे दूध, लाकूड, लोकर. पण त्यात माणसांचीही एक यादी होती. चीनमधून ठरावीक संख्येनं लोक कामाला येऊ शकतील: स्वयंपाकी २००, पारंपरिक चिनी वैद्य २००, वुशू शिकवणारे १५०, पर्यटकांचे वाटाडे १०० आणि मँडरिन शिकवायला मदत करणारे १५०. आचारी, वैद्य, पहिलवान, वाटाडे आणि पंतोजी. एखाद्या जुन्या संस्थानाच्या दरबारात नेमणुका व्हाव्यात तशी ही यादी वाचून मला हसू आलं. पुढे सुधारलेला करार २०२२ साली लागू झाला, त्यात भाषेच्या मदतनिसांची जागा वाढवली गेली.

प्रत्यक्ष व्यवस्था होती ती अशी. चीनच्या शिक्षण मंत्रालयाच्या हाताखाली 'हानबान' नावाचं कार्यालय होतं. जगभर कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट काढण्याचं काम त्याचं. पहिली निघाली २००४ साली सोलमध्ये. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड, वेलिंग्टन आणि कँटरबरी या तीन विद्यापीठांत त्या निघाल्या आणि त्यांच्यामार्फत हे मदतनीस शाळांना मिळू लागले. बहुतेक सगळ्या मुलीच, परदेशीयांना चिनी कसं शिकवावं या विषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थिनी. हा अभ्यासक्रम चीनमध्ये २००७ पासून सुरू झाला. त्यांच्या प्रवासाचा आणि निर्वाहाचा मुख्य भार चीनच्या बाजूनं. शाळेनं राहायची सोय पाहायची, एखादं घर शोधून द्यायचं. न्यूझीलंडच्या २००७ च्या अभ्यासक्रमात परभाषा हा विषय आला खरा, पण सक्तीचा नाही, आणि प्राथमिक शाळेतल्या बाईंना परभाषा येत असेलच असं नाही. अशा वेळी जवळजवळ फुकटात बोलती-चालती भाषा दाराशी आली तर कुठला मुख्याध्यापक नको म्हणेल?

त्या अर्ध्या तासात मी जे शिकले ते सांगते. त्या दिवशी धडा होता खरेदीचा. 'माइ' म्हणजे विकत घेणं आणि 'माइ' म्हणजे विकणं. फरक फक्त सुराचा. खाली जाऊन वर येणारा सूर असेल तर घेणं, वरून झटकन खाली आला तर विकणं. एक मुलगा दुकानदाराला दहा वेळा सांगत होता की मी सफरचंदं विकतो, आणि दुकानदार झालेली मुलगीही सफरचंदं विकतच होती. दोघंही विक्रेते, गिऱ्हाईक कोणीच नाही. मुलांना वाटत होतं हा सुरांचा प्रकार फारच परका आहे. मला मात्र वाटलं, आपण तर एका 'हं'वर दिवस काढतो. नवऱ्यानं विचारलं तर 'हं', ऐकू आलं नाही तर 'हं?', खोटं पकडलं तर 'हंऽऽ'. लाओशीला मी हे नंतर करून दाखवलं. तिनं वहीत लिहून घेतलं.

उच्चारांच्या बाबतीत माझी नात वर्गात पुढे होती, आणि त्यात तिची हुशारी कमी, मराठीची जास्त. चिनी शब्द रोमन लिपीत लिहितात तेव्हा 'डी' लिहिलेलं असतं तिथे उच्चार 'त' असतो आणि 'टी' असतं तिथे 'थ'. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. 'बी' म्हणजे प. ज्याला आपण बीजिंग म्हणतो ते चिनी तोंडात 'पेइ-चिंग'च्या जवळ जातं. रोमन अक्षरं वाचून शिकणारी मुलं फसत होती. नात मात्र क-ख, त-थ यांवरच वाढलेली. त्याहून मोठी मौज 'च'ची. चिनीत एक च तालव्य आणि एक दंत्य, आणि दोन्ही अर्थ बदलतात. आपल्याकडे 'चिंच' या एका शब्दात हे दोन्ही च शेजारी शेजारी बसलेले आहेत! मी लाओशीला 'चिंच' म्हणायला लावलं, तिनं पहिल्या झटक्यात बिनचूक म्हटलं. मला एवढा आनंद झाला की दुसऱ्या दिवशी भारतीय दुकानातून चिंच आणून तिला चाखायला दिली. तिथे मात्र तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

ती आमच्या दोन गल्ल्या पलीकडे एका कुटुंबात राहत होती. शाळा सुटल्यावर बरोबर चालत यायची. मला 'नायनाय' म्हणू लागली, म्हणजे आजी. एकदा तिनं सांगितलं की तिची खरी आजी हा शब्द 'लायलाय' असा म्हणते. हुनानमध्ये पुष्कळ लोकांच्या बोलण्यात न आणि ल यांची अदलाबदल होते. जिला आपण मँडरिन म्हणतो ती प्रमाण भाषा, तिकडे तिला 'फूथोंगह्वा' म्हणतात, सामान्य बोली. पण ती या मुलीलाही शाळेतच शिकावी लागली होती. शिक्षक व्हायचं तर प्रमाण उच्चारांची सरकारी परीक्षा द्यावी लागते. न आणि ल साठी तिनं आरशासमोर उभं राहून महिनाभर घोकलं होतं. मला आमच्या डी.एड.च्या वर्गातल्या मैत्रिणी आठवल्या. 'पानी' नव्हे 'पाणी', 'लोनी' नव्हे 'लोणी' म्हणून ज्यांना बाईंनी वर्गासमोर उभं केलं होतं. हजारो मैलांवरून जी भाषा 'चीनची' म्हणून येते, ती घेऊन येणाऱ्या मुलीच्या घरात ती भाषा बोलत नाहीत, हे न्यूझीलंडच्या त्या वर्गाला कधीच कळलं नसेल.

मे महिन्यात नातेवाइकांचा धडा होता. तो मी विसरणार नाही. इंग्रजीत काका, मामा सगळे एकच. चिनीत आपल्यासारखीच वेगवेगळी नावं. मामा म्हणजे 'चिउचिउ', आत्या म्हणजे 'कूकू', मावशी 'ईमा'. काकाची तर दोन नावं, वडिलांचा थोरला भाऊ 'पोपो' आणि धाकटा 'शूशू'. वर्ग हैराण झाला. एकाच माणसाला इतकी नावं कशाला? माझी नात हात वर करून सांगत होती की आमच्याकडेही अशीच असतात आणि ती उपयोगी असतात. मग एका मुलीनं विचारलं, "लाओशी, तुम्हाला किती भाऊ-बहिणी?"

ती म्हणाली, "एकही नाही."

"का?"

"आमच्याकडे नियम होता."

कोणाला काही कळलं नाही. चीनमध्ये १९८० च्या सुमारास एका मुलाचा नियम आला आणि २०१५ च्या अखेरीस तो मागे घ्यायचं ठरलं. ही मुलगी १९९६ ची. ती फळ्यावर चिउचिउ आणि ईमा लिहून शिकवत होती. तिच्या आईवडिलांना भावंडं होती म्हणून तिला मामा-मावशी होते. पण तिला मूल झालं तर त्याला तिच्या बाजूनं मामाही नाही आणि मावशीही नाही. ती शब्द शिकवत होती आणि ते शब्द तिच्याच घरातून निघून चालले होते. वर्गशिक्षिकेनं पटकन विषय बदलला. घरी येताना लाओशी काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

या मदतनिसांबद्दल जगात वादही पुष्कळ झाले. दुसऱ्या देशाच्या सरकारच्या पैशानं आपल्या मुलांचा धडा का चालावा, हा प्रश्न साधा आहे आणि रास्त आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यानं २०१९ साली आपल्या तेरा सरकारी शाळांमधले कन्फ्यूशियस वर्ग बंद करायचं जाहीर केलं. स्वीडननं तर देशातल्या सगळ्याच कन्फ्यूशियस संस्था बंद केल्या. २०२० मध्ये 'हानबान'चंही नाव आणि रूप बदललं. आपल्याकडे २०१९ च्या शिक्षण धोरणाच्या मसुद्यात परभाषांच्या यादीत चिनी होती, २०२० च्या अंतिम धोरणात ती नाही. माझं मत विचाराल तर, मी पाहिलेल्या वर्गात प्रचार असा दिसला नाही. दिसला तो सण. कंदील, कागदाची कातरकामं, मोमोसारखे ते च्याओत्स, ड्रॅगनचा नाच. चीन म्हणजे कायमची दिवाळी. कठीण प्रश्न आला की विषय बदलायचा, जसा त्या दिवशी बदलला. पण त्यासाठी मी त्या तेवीस वर्षांच्या पोरीला धारेवर धरणार नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, पंचवीस मुलांसमोर तिनं काय बोलावं अशी आपली अपेक्षा आहे?

माझी तक्रार वेगळीच आहे आणि ती शिक्षिका म्हणून आहे.

लाओशी आठवड्यात तीन शाळांत जायची. वीस-बावीस वर्ग, प्रत्येकाला अर्धा तास. कागदोपत्री ती मदतनीस. वर्ग घ्यायचा तो नेहमीच्या शिक्षिकेनं, हिनं हाताशी राहायचं. पण नेहमीच्या शिक्षिकेला चिनीचा एक शब्द येत नसेल तर मदत कोण कुणाला करणार? युरोपात असे भाषा-सहायक शंभराहून अधिक वर्षं आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंड आणि फ्रान्समध्ये अशी देवाणघेवाण सुरू झाली. तिथे कल्पना अशी होती, की फ्रेंच शिकवणारे तयारीचे गुरुजी शाळेत आहेतच, त्यांच्या जोडीला एक खरा फ्रेंच आवाज हवा. भाजी तयार आहे, वरून कोथिंबीर. इथे चुलीवर भाजीच नव्हती.

एका शाळेत (नाव सांगत नाही) लाओशी आली की वर्गशिक्षिका मागे जाऊन वह्या तपासत बसायच्या. पोरांना ते बरोबर कळतं. बाई वह्या तपासतात म्हणजे हा तास बिनमहत्त्वाचा. एके दिवशी तिथल्या पोरांनी इतका धुडगूस घातला की ती आमच्या घरी येऊन स्वयंपाकघरात रडली. माझ्या सुनेनं पोळ्या लाटता लाटता तिला चहा दिला. मी तिला एकच सांगितलं, जे मला माझ्या पहिल्या मुख्याध्यापिकेनं सांगितलं होतं: आवाज वाढवायचा नाही, गप्प उभं राहायचं. नंतर कळलं की थोडाफार उपयोग झाला.

नातीच्या वर्गातल्या बाई मात्र निराळ्या. पन्नाशीच्या, डोक्यावर चष्मा, नेहमी कुठलीतरी वस्तू हरवलेली. त्या गालिच्यावर मुलांच्यात बसायच्या आणि मुलांबरोबर चुकायच्या. 'थांग' शब्दाचा सूर चुकवून त्यांनी साखरेचं सूप केलं तेव्हा सगळा वर्ग खदखदून हसला. त्या मधल्या दिवसांत, लाओशी नसताना, हजेरी चिनी आकड्यांत घ्यायच्या. डबा खायच्या आधी एक वाक्य, रांग लावताना एक वाक्य. फार काही नाही, दिवसातून पाच मिनिटं. पण आठवड्याच्या एका अर्ध्या तासापेक्षा रोजची पाच मिनिटं लहान मुलाला जास्त पचतात, हे मी माझ्या नोकरीतून खात्रीनं सांगते.

आणि दुसरा घोटाळा म्हणजे दरवर्षी नवी लाओशी. तिकडचं शाळेचं वर्ष डिसेंबरात संपतं. मुलगी परत जाते, पुढच्या वर्षी दुसरी येते. तिला कोणी सांगत नाही की या मुलांचं कुठवर झालंय. ती बिचारी 'नी हाओ'पासून सुरू करते. सहा वर्षं चिनी शिकलेल्या मुलाला सहा वेळा 'नी हाओ' शिकवलेलं असतं. अमेरिकेत युटा राज्यानं २००८ साली कायदा करून निराळी वाट धरली. अर्धा दिवस गणित-विज्ञानसुद्धा चिनीतून, उरलेला अर्धा इंग्रजीतून, आणि सगळ्या राज्याला एकच आखलेला क्रम. इंग्लंडनं २०१६ मध्ये निवडक माध्यमिक शाळांत आठवड्याला आठ तासांचा अभ्यास सुरू केला, चार वर्गात आणि चार बाहेर. पाहुणे तिथेही आहेत, पण घर यजमानांचं आहे.

जुलैत मी परत आले. २०२० च्या सुरुवातीला नवी लाओशी येणार होती. ३ फेब्रुवारीला न्यूझीलंडनं चीनमधून येणाऱ्या परदेशी प्रवाशांना बंदी केली, मार्चमध्ये सगळ्यांनाच दारं बंद. ती पूर्ण उघडायला २०२२ चा जुलै उजाडला. त्या तीन शाळांपैकी दोन शाळांत मँडरिन थांबलं ते थांबलंच. कुणाला फारशी हळहळही वाटली नाही, मुलगा सांगत होता. फुकट आलेली वस्तू गेली की हिशेब मांडत नाहीत.

२०२३ मध्ये मी पुन्हा गेले. नात आता इंटरमीडिएट शाळेत, बारा वर्षांची, माझ्याहून उंच. "चिनी आठवतं का गं?" विचारलं. तिला आकडे आठवत होते, एक गाणं, आणि नातेवाइकांची सगळी नावं. वाक्यं गेली होती. "पण आपल्या जुन्या बाई अजून घेतात," ती म्हणाली. "रोज हजेरी चिनीत."

मी मुद्दाम त्या जुन्या शाळेत गेले. बाईंच्या डोक्यावर तोच चष्मा. भिंतीवर २०१९ च्या लाओशीच्या हस्ताक्षरातला तक्ता, कडेनं चिकटपट्ट्या लावून जपलेला. त्यात चिउचिउ होता आणि ईमाही होती. टाळेबंदीतही बाई दूरध्वनीवरून तिच्याकडून उच्चार दुरुस्त करून घेत होत्या. ती आता हुनानमध्येच एका शाळेत इंग्रजी शिकवते. तिचा निरोप होता: नायनायला सांगा, गप्प उभं राहण्याचा उपाय पन्नास मुलांच्या वर्गातही चालतो.

त्याच आठवड्यात नवी मदतनीस आली. तशीच तरुण, तशीच थंडीनं कुडकुडणारी. मुख्याध्यापकांनी वर्गात आणून सोडली. तिनं पिशवीतून कंदील आणि चित्रांचे पत्ते काढले, घसा साफ केला आणि 'नी हाओ' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात गालिच्यावरून बाईंनीच तिला विचारलं, "छर्-फान्-ल मा?" चीनमध्ये एकमेकांना असंच विचारतात, जसं आपण विचारतो, जेवण झालं का? सूर दोन ठिकाणी चुकला होता. पोरगी क्षणभर बघतच राहिली. मग हातातला कंदील तसाच खाली ठेवून ती बाईंच्या शेजारी गालिच्यावर बसली आणि भराभर उत्तर देऊ लागली. बाई म्हणाल्या, "हळू, हळू."